डिस्कच्या जिवावर चालणारं गेमचं दुकान आता कशावर चालवायचं?

रंकाळा_काठ

कोल्हापुरात ११० चौरस फुटांचं गेमचं दुकान आहे. नवी-जुनी डिस्क, अदलाबदल, कंट्रोलर, केबल, एवढाच माल. नवीन गेमचं गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून मोबाइलवर भाव बघतं, आणि आम्हाला वितरकाकडून डिस्क ज्या भावात पडते त्याच्या शे-दोनशे इकडेतिकडे ऑनलाइन भाव असतो. जुन्या डिस्क मागणारे अजून आहेत, आणून देणारे आटले. पीएस५ (सोनीचं प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन म्हणजे कन्सोल) घेणाऱ्यांत बिनडिस्कवाले वाढले, त्यांना आमच्याकडून घेण्यासारखं फार काही उरत नाही.

साठा असा: पीएस४ च्या २६० डिस्क, पीएस५ च्या ४५, पीएस३ च्या १२०, निन्टेंडो स्विचची ३० कार्डं, पीसीच्या ८० डीव्हीडी. शिवाय माळ्यावर खोकंभर जुन्या गेमच्या कॅसेटी, ‘मीडिया’ आणि ‘समुराई’ या टीव्ही-गेम मशिनच्या काळातल्या.

दुकान बंद करायचं नाही. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा साठा कोणत्या भावाने मोकळा करायचा, आणि जुना माल घेत राहायचा की थांबायचं? एका टेबलावर दुरुस्ती सुरू करायची तर कोणत्या कामापासून करावी? आणि जुन्या मालावर जीएसटी नेमका कसा बसतो?

अर्धी_किंमत

डिस्कचं सांगतो, बाकीचं इतर जाणकार सांगतील.

नव्या डिस्कवर छोट्या दुकानाला कधीच फार सुटत नव्हतं. दुकान जगायचं ते एकाच डिस्कच्या फेऱ्यांवर. नवी विकली, महिन्याभरात तीच परत घेतली, पुन्हा विकली, पुन्हा घेतली. दर फेरीला तीन-चारशे सुटले तरी चार फेऱ्यांत त्या एका डिस्कने नव्या विक्रीच्या कित्येक पट दिलेले असत. ही फेरी मोडली, हा खरा घाव आहे. २०२० मध्ये एक्सबॉक्स सिरीज एस डिस्कशिवाय आला, त्याच वर्षी पीएस५ ची डिजिटल आवृत्ती आली, २०२३ च्या अखेरीस पीएस५ च्या स्लिम मॉडेलमध्ये ड्राइव्ह काढता-लावता येणारा केला, आणि २०२४ चा पीएस५ प्रो तर ड्राइव्हशिवायच येतो. बिनड्राइव्हचा कन्सोल घेणारा माणूस तुमचं गिऱ्हाईक म्हणून गेला हे दिसतं. तो तुमचा पुरवठादारही होता, हे लवकर लक्षात येत नाही. म्हणून जुना माल घेणं थांबवू नका, पण प्रत्येक डिस्कचा भाव रोज थोडा थोडा उतरतोय हे धरूनच घ्या.

भाव ठरवायचा तो छापील किमतीवरून नाही. पीएस स्टोअरच्या, म्हणजे प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानाच्या, सेलमध्ये तो गेम आजवर किती खाली आला होता ते बघा, किमतींचा इतिहास दाखवणाऱ्या साइट आहेत. समजा ३,९९९ चा गेम सेलमध्ये १,३०० ला येऊन गेला. मग तुमचा विक्रीभाव १,३०० ते १,४०० च्या वर नेऊ नका. शंभरभर जास्त का, तर डिस्क परत विकता येते, आणि ते गिऱ्हाइकाला पटतं. घेण्याचा भाव विक्रीच्या ६० ते ६५ टक्के, म्हणजे ८५० च्या आसपास. ३० दिवसांत गेली नाही तर १० टक्के उतरवा, ९० दिवसांत गेली नाही तर अदलाबदलीत वर टाकून द्या. कपाटात धूळ खाणाऱ्या डिस्कवर उरलेला भाव रोज कमीच होतो.

दोन वार पाठ करून ठेवा. पीएस प्लस या सोनीच्या वर्गणीतले महिन्याचे गेम पहिल्या मंगळवारी येतात, तिच्या ‘एक्स्ट्रा’ या वरच्या श्रेणीच्या कॅटलॉगमध्ये भर तिसऱ्या मंगळवारी पडते, आणि घोषणा साधारण आधीच्या बुधवारी होते. एखादा गेम त्या यादीत आला की त्याची जुनी डिस्क दुसऱ्या दिवशी निम्म्या भावाची होते. त्यामुळे त्या बुधवारच्या आदल्या तीन-चार दिवसांत एकाच गेमच्या पाच-सहा डिस्क एकदम उचलू नका.

तुमच्या २६० डिस्कमधून आधी हे वेगळे काढा. जीटीए ५, रेड डेड रिडेम्पशन २, गॉड ऑफ वॉर, क्रिकेट २४ असे गेम भाव धरून राहतात. क्रिकेटच्या गेमला आपल्याकडे पर्यायच थोडे, म्हणून तो जुना झाला तरी मागणी राहते. यांच्या भावाला हात लावू नका. फुटबॉलचं उलटं. २०२३ पासून फिफाच्या जागी ईए स्पोर्ट्स एफसी आलं, आणि दर सप्टेंबरला नवा भाग आला की मागच्या वर्षीची डिस्क बसते. फिफा १८ ते २३ कितीही चकचकीत असल्या तरी काउंटरवरच्या टोपलीत ठेवा, दोन घेतल्या तर एक फुकट अशा हिशेबाने घालवा. आणि निव्वळ सर्व्हरवर चालणारे गेम घेऊच नका. द क्रूचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, पहिल्या ओव्हरवॉचचे ऑक्टोबर २०२२ मध्ये. ती डिस्क आता फक्त डबीसाठी. कॉन्कॉर्ड तर २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला काढून घेतला.

आता डिस्क तपासण्याबद्दल जरा सविस्तर, कारण दुकानाची इज्जत इथे राहते किंवा जाते.

सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे यांची चिकित्सा वेगवेगळी. सीडीत माहितीचा थर लेबलच्या अगदी खाली असतो, वाचायच्या बाजूला १.२ मिमी प्लास्टिक. म्हणून पीएस१ च्या सीडीला खालून चरा असेल तर घासून निघतो, लेबलवर टाचणीएवढा ओरखडा असेल तर ती गेली. उजेडासमोर धरली की बारीक छिद्रं दिसतात. डीव्हीडीत थर दोन पत्र्यांच्या मधोमध, ०.६ मिमीवर, त्यामुळे पीएस२ आणि एक्सबॉक्स ३६० च्या डिस्कही पॉलिशच्या मशिनवर सुधारतात. पीएस३, पीएस४, पीएस५ च्या ब्लू-रेत मात्र थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिमीवर, आणि वर एक कडक लेप. हा लेप आहे म्हणून ती सहसा चरत नाही, पण चरली की घासायला जागाच नसते. मशिनवर घातली तर लेप जातो आणि होती नव्हती तीही जाते. टूथपेस्ट चोळून आणलेली ब्लू-रे गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे परत करा.

बघायचं असं: टॉर्च तिरपा धरा, डिस्क हळू फिरवा. मधून कडेकडे जाणारा सरळ चरा बऱ्याचदा वाचला जातो, मार्गाच्या दिशेने गोल गेलेला चरा वाचत नाही, कारण लागोपाठ बरीच माहिती त्यात जाते. मग मधल्या भोकाभोवतीचा पारदर्शक कडा बघा. तिथे केसाएवढी चीर असेल तर डिस्क घेऊ नका, फिरता फिरता ती ड्राइव्हमध्ये फुटते. शेवटी कन्सोलमध्ये घालून इन्स्टॉल पट्टी पूर्ण १०० टक्के होईपर्यंत थांबा. मेन्यू आला म्हणजे डिस्क चांगली, असं होत नाही, कारण मेन्यूपर्यंतचा भाग आधी उतरतो. रेड डेड रिडेम्पशन २ ची पीएस४ आवृत्ती आणि फायनल फँटसी ७ रीबर्थ दोन-दोन डिस्कचे आहेत, एक डेटाची, एक खेळण्याची. दोन्ही तपासा. डबीत एकच असेल तर व्यवहार करू नका.

पावसाळ्यात कोल्हापूर-कोकणात डिस्कवर आणि आतल्या कागदावर बुरशी धरते. साध्या पाण्यात साबणाचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबर, आणि पुसायचं मधून बाहेर, गोल कधीच नाही. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गुलाबी झाल्या की उन्हात किंवा मंद तव्यावर वाळवून परत वापरा.

अजून एक, विकताना सांगायलाच हवं असं. पीएस४-पीएस५ ची डिस्क कुठल्याही देशाची चालते, पण तिची डीएलसी (वेगळा घेऊन उतरवायचा जादा भाग) त्याच विभागाच्या खात्याला बसते. भारतीय खातं युरोपच्या विभागात धरलं जातं. अमेरिकन डिस्कवर भारतीय खात्यातून घेतलेला सीझन पास लागत नाही, आणि गिऱ्हाईक भांडायला तुमच्याकडे येतं. बिलावरच ‘अमेरिकन डिस्क’ असं लिहा. तसंच काही डिस्कवर पूर्ण गेम नसतोच. २०२२ च्या मॉडर्न वॉरफेअर २ च्या डिस्कवर ७० एमबीच्या आसपास माहिती होती, उरलेलं सगळं डाउनलोड. स्विच २ ची गेम-की कार्डंही तशीच, नुसती किल्ली. ज्याच्या घरी नेट धड नाही त्याला हे आधी सांगा.

हिशेब_वही

जीएसटीचं थोडक्यात, बाकी तुमच्या सीएला विचारा.

जुना माल विकणाऱ्यासाठी सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) नियम ३२(५) आहे. माल जसा घेतला तसा, किंवा त्याचं रूप न बदलणारी किरकोळ डागडुजी करून विकला, आणि खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) घेतलं नाही, तर कर फक्त मधल्या फरकावर. वरच्या उदाहरणात ८५० ला घेऊन १,३५० ला विकली तर फरक ५००. १,३५० मध्ये कर धरलेला असेल तर १८ टक्क्यांनी ५०० × १८ ÷ ११८, म्हणजे ७६ रुपये २७ पैसे. पूर्ण किमतीवर लावला असता तर २०५ रुपये ९३ पैसे गेले असते. डिस्कमागे १३० रुपयांचा फरक, म्हणजे तुमच्या नफ्याचा चौथा हिस्सा. तोट्यात विकलेल्या डिस्कवर कर शून्य, पण तो तोटा दुसऱ्या डिस्कच्या नफ्यातून वजा होत नाही. म्हणून प्रत्येक नगाची खरेदी आणि विक्री समोरासमोर लिहिलेली वही हवी. डबीवर छोटं लेबल लावा, वहीतला नंबर त्यावर. वही नसेल तर सवलत मागायला आधारच नाही.

दोन ठिकाणी लोक अडकतात. महाराष्ट्रात ४० लाखांची नोंदणी मर्यादा आहे, पण ती फक्त माल विकणाऱ्याला. तुम्ही दुरुस्ती सुरू केली की ती सेवा झाली, आणि मर्यादा २० लाखांवर येते. टेबल टाकायच्या आधी वर्षाची उलाढाल मांडून बघा. दुसरं म्हणजे बेळगाव किंवा पणजीच्या गिऱ्हाइकाला कुरिअरने डिस्क पाठवली तर ती आंतरराज्य विक्री, त्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. तुम्ही सीमेवरच असल्यामुळे हे तुम्हाला जास्त लागू. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सरसकट कराच्या) गेलात तर १ टक्का पूर्ण उलाढालीवर बसतो आणि ही फरकाची सवलत मिळत नाही. राज्याबाहेर मालही पाठवता येत नाही.

जुना कन्सोल घेताना पावती करा: नाव, ओळखपत्राची प्रत, कन्सोलचा सिरीयल नंबर, सही, आणि पैसे यूपीआयने. चोरीचा माल आला तर हाच कागद तुम्हाला वाचवतो. विकणारा समोर असतानाच त्याच्या खात्यातून ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ बंद करून घ्या, फॅक्टरी रीसेट करा, मग दुकानाच्या खात्याने ऑनलाइन लॉगिन करून बघा. बंदी घातलेला कन्सोल तिथेच कळतो.

सोल्डर_फ्लक्स

टेबलाचं सांगतो. सुरुवात कंट्रोलरपासून करा, कन्सोलपासून नको. ड्युअलसेन्सची, म्हणजे पीएस५ च्या कंट्रोलरची, काडी आपोआप सरकते, ज्याला सगळे ड्रिफ्ट म्हणतात, हे काम गावोगाव आहे आणि यात चूक झाली तरी नुकसान एका कंट्रोलरपुरतं राहतं. आणि डिस्कवाला असो की बिनडिस्कवाला, कंट्रोलर दोघांचाही खराब होतो. जे गिऱ्हाईक तुमच्या हातून गेलं असं वाटतंय ते इथून परत येतं.

आधी उघडू नका. मागच्या बारीक भोकात पिन घालून पाच सेकंद दाबा, रीसेट होतो, मग केबलने जोडून बघा. तरी सरकत असेल तर आतला पोटेन्शियोमीटर (काडीची जागा मोजणारा भाग) झिजलाय. क्लीनर मारून पंधरा दिवस चालतो आणि परत येतो, त्यामुळे नुसत्या सफाईचे पैसे घेऊ नका, नाव खराब होतं.

एका काडीच्या मॉड्यूलला सोल्डरचे १४ टाके असतात: दोन्ही पोटेन्शियोमीटरचे तीन-तीन, बटणाचे चार, चौकटीचे चार. कारखान्याचं सोल्डर शिसंविरहित, ते उशिरा वितळतं. म्हणून प्रत्येक टाक्यावर आधी ६३/३७ चं शिसंवालं सोल्डर चढवा, भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वाहू देणारा लेप) लावा, मगच पंप किंवा विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वातीने) ओढा. चौकटीचे टाके बोर्डाच्या ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेले, ते उष्णता खातात, तिथे रुंद टोकाचं आयर्न लागतं. मॉड्यूल हलत नसेल तर ओढू नका. ओढलं की भोकातली कडी उचकटते आणि बोर्ड जातो. नवशिक्यांचे बहुतेक कंट्रोलर याच एका घाईत मरतात. हलत नाही याचा अर्थ एखादा टाका अजून धरून आहे, परत सोल्डर चढवा, परत ओढा. सगळं मोकळं झालं की मॉड्यूल स्वतःच्या वजनाने सुटतं.

नवीन घालताना हॉल किंवा टीएमआर मॉड्यूल घाला, ती चुंबकावर चालतात, त्यात घासणारा भाग नसतो. बिनतारी कंट्रोलरला टीएमआर बरं, बॅटरी कमी खातं. घातल्यावर मध्य आणि पल्ला दोन्ही कॅलिब्रेट करावे लागतात, ते ब्राउझरमधून यूएसबीवर होतं. आधी तात्पुरतं लिहून दहा मिनिटं खेळून बघा, मग कायमचं लिहा. मोटरच्या तारा सोडवायच्या आधी फोटो काढायला विसरू नका.

पुढची पायरी जाड पीएस४. धूळ काढणं, चिपवरची थर्मल पेस्ट बदलणं, सीआर२०३२ ची बॅटरी. पहिल्या मॉडेलांत डिस्क आपोआप बाहेर येते आणि बीप वाजतो, तेव्हा ड्राइव्हला हात लावू नका. स्पर्शाच्या इजेक्ट बटणाजवळचा रबरी पाय फुगून वर दाबला जातो, तो काढला की बऱ्याचदा थांबतं. ड्राइव्ह बदलायचाच झाला तर लक्षात ठेवा, सुरुवातीच्या सीयूएच-१०००, ११०० मॉडेलांत ड्राइव्हवरचा छोटा बोर्ड मदरबोर्डशी जुळवलेला असतो. यंत्र दुसरं बसवा, बोर्ड मूळचाच ठेवा. पीएस५ मध्येही तेच. स्लिमच्या सुट्या ड्राइव्हला मात्र पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, तेवढं गिऱ्हाइकाला सांगून द्या.

एचडीएमआय पोर्ट बदलणं हे तिसऱ्या टप्प्याचं काम. त्यासाठी हॉट एअर, खालून तापवणारी प्लेट, डायोड मोड असलेला मल्टिमीटर आणि मायक्रोस्कोप लागतो. ‘चित्र येत नाही’ म्हणून आलेला कन्सोल उघडण्याआधी पॉवर बटण दुसरा बीप येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून सेफ मोडमध्ये जा आणि व्हिडिओ आउटपुट बदलून बघा. केबल आणि टीव्ही बदलून बघा. यातच सुटलं तर तेवढेच पैसे घ्या.

रंकाळा_काठ

खूप आभार, डबीवर नंबर लावायचं काम आजच सुरू करतो. अजून दोन शंका. वळवाच्या पावसात विजा झाल्या की ‘चित्र गेलं’ म्हणणारे एकदम चार-पाच येतात, पोर्ट तर सरळ दिसतो. मग बिघडतं काय? आणि पीएस५ मधल्या लिक्विड मेटलची (चिपची उष्णता वाहून नेणाऱ्या पातळ धातूची) भीती वाटते.

डबल_शॉट

दुकान चालवायचंच आहे तर डिस्क भाड्याने का देत नाही? आठवड्याला २०० रुपये घेतले तरी ४५ डिस्क फिरत्या राहतील. काही दुकानं गेमची खातीही विकतात, एक गेम चार जणांत. त्यात साठाच लागत नाही.

हिशेब_वही

दोन्ही सल्ले घेऊ नका, कळकळीने सांगतोय. जुनी अस्सल डिस्क विकणं वेगळं आणि भाड्याने देणं वेगळं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्ये संगणक प्रोग्रॅम व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क हक्कमालकाकडे ठेवलेला आहे. परवानगीशिवाय भाड्याचा फलक लावणं म्हणजे स्वतःच पुरावा टांगणं.

खात्यांचा धंदा त्याहून वाईट. एकच खातं चार कन्सोलवर ‘प्रायमरी’-‘सेकंडरी’ करून विकतात, ते स्टोअरच्या अटींत बसत नाही. मूळ खातेदाराने पासवर्ड बदलला किंवा खात्यावर बंदी आली की चौघंही तुमच्या दारात येतात. गिऱ्हाइकाच्या कन्सोलवर त्याचं स्वतःचं खातं आणि खेळलेले महिने असतात, तेही धोक्यात येतात. डिस्क दिली की व्यवहार संपतो, खातं दिलं की व्यवहार कधीच संपत नाही.

सोल्डर_फ्लक्स

वळवाचं कारण बहुतेक वेळा वायरिंगमध्ये असतं. डिशची किंवा केबलची तार सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून टीव्हीत, आणि टीव्हीतून एचडीएमआयने कन्सोलमध्ये. वीज जवळ पडली की झटका तारेतून या वाटेने येतो. घरात अर्थिंग धड नसेल तर जास्तच. सॉकेटमधून स्पाइक गार्ड लावलेला असतो, पण डिशच्या तारेला काहीच नसतं. मग पोर्ट सरळ दिसतो आणि त्यामागची सिग्नल सांभाळणारी आयसी (चिप) किंवा तिच्या आधीचे बारीक फिल्टर गेलेले असतात.

ओळखायचं असं. कन्सोल बंद, प्लग काढलेला. मल्टिमीटर डायोड मोडवर, लाल टोक बोर्डाच्या ग्राउंडला, काळं टोक पोर्टच्या एकेका पिनवर. १९ पिनांपैकी चित्राच्या जोड्यांचे आकडे एकमेकांशी जवळपास सारखे हवेत. त्यांतली एखादी पिन शून्य दाखवते तर तिथे शॉर्ट, काहीच दाखवत नाही तर मधला फिल्टर तुटला. सगळ्या पिना सारख्या असतील तर पोर्ट बदलून उपयोग नाही, आयसीकडे बघा. हे पाच मिनिटांचं मोजमाप केल्याशिवाय नवा पोर्ट लावलात तर अर्ध्या वेळा काम दोनदा करावं लागेल. गिऱ्हाइकांना मे महिन्याच्या आधीच सांगून ठेवा: आभाळ भरून आलं की डिशची तार आणि एचडीएमआय दोन्ही काढायची, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

लिक्विड मेटलची भीती रास्त आहे. तो गॅलियमचा मिश्रधातू, वीज वाहून नेतो आणि ॲल्युमिनियम खातो. पोर्ट बदलायला बोर्ड हीटसिंकवरून उचलावाच लागतो, म्हणजे तो उघडा पडतोच. बोर्ड उचलताना आडवाच ठेवा, चिप वर. भोवतीचा फोमचा बांध फाटू देऊ नका. सांडलेला थेंब पुसू नका, पुसला की पसरतो. सुईविरहित सिरिंजने ओढून घ्या. चिपच्या भोवतीचे बारीक भाग कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या टेपने) झाका, मगच हॉट एअर सुरू करा. परत बसवताना धातूचा थर दोन्ही बाजूंना पातळ आणि सलग हवा. मध्ये कोरडा डाग राहिला तर कन्सोल दहा-पंधरा मिनिटांत तापून बंद पडतो, आणि लोक समजतात पोर्टचं काम बिघडलं. पहिले दोन-तीन पीएस५ भंगारातले, मेलेले बोर्ड घेऊन त्यांवर हात बसवा. तोवर असं काम कोणा अनुभवी माणसाकडे पाठवा आणि ने-आणीचे पैसे तेवढे घ्या.

आणि पोर्ट मागवताना मॉडेल नंबर लिहून मागवा. मॉडेलप्रमाणे पोर्ट वेगळे असतात, दिसायला सारखे.

साठ_पिनी

पीएस३ च्या १२० डिस्क एका भावाने विकू नका. पीएस५ वर पीएस४ च्या डिस्क चालतात, पीएस३ च्या चालत नाहीत. म्हणून ज्या गेमची पुढच्या कन्सोलवर सुधारित आवृत्ती आली त्यांची पीएस३ डिस्क स्वस्तात जाते, आणि ज्यांची आली नाही त्यांना संग्राहक शोधत असतात: रेझिस्टन्सचे भाग, किलझोन २, इन्फेमस. पुस्तिका आत असेल तर वेगळा भाव. पीसीच्या डीव्हीडींत ज्यांची स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाची किल्ली एकदा वापरून झाली त्या गेल्या. सेफडिस्क या नक्कलविरोधी कुलपाचे जुने गेम विंडोज १० वर मुळात चालतच नाहीत. ते डबीचे शौकीन घेतात, नाहीतर रद्दी.

माळ्यावरचं खोकं मात्र खाली काढा. ‘समुराई’, ‘मीडिया’ असल्या मशिनच्या कॅसेटी ६० पिनांच्या, निन्टेंडोच्या जपानी फॅमिकॉम मशिनच्या मापाच्या. त्याच मशिनच्या अमेरिकन आवृत्तीचं, एनईएसचं, माप ७२ पिनांचं, त्यामुळे तिकडच्या मशिनला ॲडॅप्टर लागतो. कॅसेटीत फुंकर मारायची सगळ्यांना सवय आहे, ती मोडा. तोंडाच्या ओलाव्याने पिनांचं तांबं हिरवं पडतं. कॉटन बडवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, पिनांच्या लांबीच्या दिशेने, बड काळा निघणं थांबेपर्यंत. डाग हटत नसेल तर पांढरा मऊ खोडरबर, सँडपेपर कधीच नाही, वरचा मुलामा जातो. उघडून आत काळा डांबरासारखा ठिपका दिसला तर ती बहुधा नक्कल. ती वाईट नव्हे, आपल्याकडचं बहुतेकांचं लहानपण त्याच ठिपक्यावर गेलं, पण भाव वेगळा सांगा.

मशीन सुरू करून दाखवताना ॲडॅप्टरचे व्होल्ट आणि ध्रुव तपासल्याशिवाय पिन खुपसू नका. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट आणि मधली पिन ऋण लागते. आपल्याकडचा नेहमीचा ॲडॅप्टर मधली पिन धन असलेला असतो, नकलांचं तर काहीच ठरलेलं नाही. मशिनच्या पाठीवरची खूण बघा. खूण पुसली असेल तर उघडून आतली तार कुठे जाते ते बघा.

त्या खोक्यातल्या कॅसेटी मोजून, साफ करून, प्रत्येकीचं लेबल दिसेल असा फोटो काढा आणि यादी इथे टाका. ‘९९९९ इन १’ वाल्या वेगळ्या ठेवा. एकेका गेमच्या, स्क्रू असलेल्या कॅसेटी कोणत्या आहेत ते आधी बघू.